गिरगावातली सराफी पेढी आणि आईची बोरमाळ

या पेढीला माझे गुण पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे गेला ते पुढे येईलच.

मी मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात तेहेतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची अकरा वर्षं वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होते. २०२४ मध्ये निवृत्त झाले. राहायला लालबागलाच, वडील गिरणीत होते तेव्हापासून. सोन्यातलं मला फारसं कळत नव्हतं, लग्नाकार्याला लागेल तेवढंच. तरी हे सविस्तर लिहितेय, कारण सप्टेंबर ते डिसेंबर २०२५ या काळात मी या पेढीची पायरी पाच वेळा चढले आणि तिथे जे पाहिलं ते माणसं हाताखाली असलेल्या प्रत्येकाने पाहावं असं मला मनापासून वाटतं.

पेढीचं नाव लिहीत नाही. मालकांना सगळे नाना म्हणतात. त्यांना विचारलं होतं, "लिहू का तुमच्याबद्दल?" ते म्हणाले, "लिहा, पण नाव नको. बाकावर चार माणसं मावतात, वर कारागीर दोनच. गर्दी झाली की घाई होते, आणि घाईत वजनं चुकतात." त्यांचा शब्द पाळतेय. ठाकूरद्वारच्या बाजूला, जुन्या चाळीच्या तळमजल्यावर पेढी आहे. मी लोअर परळहून धीम्या लोकलने चर्नी रोडला उतरून चालत जाते. आता गिरगावचं मेट्रो स्थानकही सुरू झालंय. आत लाकडी काउंटर, मागे विठ्ठलाची तसबीर, तिच्या शेजारी नानांच्या वडिलांचा फोटो आणि त्याच्या बाजूला चिंतामणराव देशमुखांचा. सराफाच्या दुकानात चिंतामणराव कसे, म्हणून मी विचारलं. "वडिलांनी लावला. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं घाटत होतं, तेव्हा केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडून आलेला माणूस. वडील तेव्हा याच गल्लीत काम शिकत होते. त्यानंतर दुकानात दुसऱ्या कुठल्या पुढाऱ्याचा फोटो लागला नाही."

आता बोरमाळ. आईचं लग्न १९६४ साली झालं, तेव्हा तिच्या वडिलांनी तिला घातली होती. सत्तेचाळीस मणी, मधला थोडा मोठा. ज्यांनी बोरमाळ मोडली नसेल त्यांच्यासाठी सांगते: तिचे मणी भरीव नसतात. सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख, आणि सगळं दोऱ्यात गाठवलेलं. म्हणजे काट्यावर जे वजन दिसतं त्यात सोनं किती आणि लाख किती, हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही. बोरमाळ, ठुशी, मोहनमाळ मोडताना बायका फसतात त्या इथेच.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. मी सोळा वर्षांची होते. घरातलं धान्य संपत आलं तेव्हा आईने बोरमाळ गहाण टाकायला काढली. जिथे नेली त्या सराफाने ती कसोटीवर घासली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, तुम्हाला फसवलंय. हे बावीस कॅरट नाही, निम्मी भेसळ आहे." माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, सोबत होती. तिने ते वाक्य धरून ठेवलं. पुढे बोरमाळ सोडवून आणली, पण आजी जिवंत असेपर्यंत कुठल्याही भांडणात एक शब्द ठरलेला असायचा: "माहेरच्यांनी हलकं सोनं घातलं." आईने त्यानंतर बोरमाळ गळ्यात घातलेली मी पाहिली नाही. ती २०११ साली गेली. तिच्या ट्रंकेत बोरमाळ एका पत्र्याच्या डबीत होती, खाली लग्नपत्रिका, आणि पत्रिकेत घडी घातलेली एक पावती, जिच्यावरची अक्षरं उडाली होती.

भाचीचं लग्न २०२५ च्या मार्गशीर्षातलं ठरलं तेव्हा मी आणि बहिणीने ठरवलं की आईचं सोनं भाचीच्या मंगळसूत्रात जाऊ दे. सोन्याच्या भावाने त्याच वर्षी दहा ग्रॅमला लाखाचा टप्पा ओलांडला होता, नवीन घ्यायची आमची ऐपतही बेताची. आधी घराजवळच्या एका मोठ्या, काचेच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने बोरमाळ वर-खाली केली, एका मण्यावर घासून पाहिलं आणि म्हणाला, "पंचेचाळीस टक्के लाख-दोरा धरू. सोनं बारा कॅरट." पंचेचाळीस कशावरून, विचारलं. "आमची पद्धत आहे मॅडम." वितळवून दाखवाल का? "सगळं फॅक्टरीत होतं." आम्ही उठलो.

शेजारच्या काकूंनी गिरगावची ही पेढी सुचवली. गेले ती पितृपक्षात, कारण तेव्हा कोणी सोनं घ्यायला येत नाही आणि माणूस निवांत बोलतो. नाना एकटे गादीवर आणि काउंटरला एक मुलगा, असेल बावीस-तेवीस वर्षांचा. मी बोरमाळ ट्रेमध्ये ठेवली. मुलाने ती लगेच काट्यावर ठेवली नाही. आधी डोक्यावरचा पंखा बंद केला. मग मऊ ब्रशने काट्याची ताटली पुसली, शून्य येऊ दिलं, आणि काट्याचा आकडा माझ्याकडे फिरवला. "मावशी, पंख्याच्या वाऱ्याने मिलिग्रॅम हलतात. तुम्हीच वाचा." त्या दिवशी पंखा बंद असल्यामुळे आम्ही तिघं दहा मिनिटं घामाघूम झालो, पण कोणी कुरकुर केली नाही.

मुलाने मशीनवर एक मणी तपासला. सोन्याचा अंश अठ्ठावन्न-एकोणसाठ टक्क्यांच्या मध्ये. बावीस कॅरट म्हणजे ९१६, हजारात नऊशे सोळा भाग सोनं. हे त्याच्या जवळपासही नव्हतं. माझ्या पोटात तेच जुनं ओढलं गेलं. मी म्हटलं, "माहितेय मला. आजोबांना फसवलं होतं त्या सराफाने."

नानांनी चष्मा काढला. "दागिना कधीचा?"

"१९६४. आईच्या लग्नातला."

"मग थांबा. फसवलं असं एवढ्यात म्हणू नका."

पुढचा अर्धा तास त्यांनी मला जे सांगितलं ते मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. १९६३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने सुवर्ण नियंत्रण आणलं. अर्थमंत्री मोरारजी देसाई. लोकांनी सोनं कमी घ्यावं, तस्करी थांबावी म्हणून नवीन दागिना चौदा कॅरटच्या वर घडवायला बंदी घातली. देशभरातल्या सोनारांची चूल विझली. नानांचे वडील त्या काळात काही महिने दुसऱ्याच्या भांड्यांच्या दुकानात बसत होते. पुढे चौदा कॅरटची अट गेली, १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा कायदा झाला आणि तो थेट १९९० मध्ये रद्द झाला. "म्हणजे ताई, १९६४ साली ज्याने तुमच्या आजोबांना चौदा कॅरटची बोरमाळ करून दिली, तो कायद्याने वागत होता. चोरून बावीसची करून देणारेही होते. हा तसा नसावा. चौदा कॅरट म्हणजे ५८५. मशीन काय दाखवतंय बघा."

मी बघत राहिले. अठ्ठावन्न पूर्णांक काहीतरी. भेसळ केली असती तर आकडा कुठेही पडला असता. हा बरोबर कायद्याच्या आकड्यावर पडला होता.

"पावती असेल का घरी?" नानांनी विचारलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मी 'फसवलं' म्हणत होते तेच पुढे चालू ठेवणं त्यांच्या सोयीचं होतं. नाराज गिऱ्हाईक, हलकं ठरलेलं सोनं, जो भाव देऊ तो घेऊन गेली असती. बोरमाळ घडवणारी पेढी गिरगावातलीच असावी आणि ती कधीच बंद झाली असावी. तिच्या बाजूने बोलायला कोणी उरलेलं नाही. नाना बोलले.

त्या दिवशी त्यांनी बोरमाळ वितळवायला नकार दिला. मी तयार होते. ते म्हणाले, "एकदा मुशीत गेली की परत येत नाही. बहिणीला घेऊन या. पावती शोधा. आणि एक मणी तरी ठेवा आईचा." शिवाय त्यांनी बोरमाळ दुकानात ठेवूनही घेतली नाही. वजन लिहिलेली चिठ्ठी दिली आणि दागिना माझ्या हातात परत दिला. पितृपक्षात एकुलतं एक गिऱ्हाईक, तेही असं परत पाठवलं.

घरी पावती काढली. तिच्यावर एक '१४' तेवढं दिसायचं. बहीण म्हणायची मण्यांचा हिशेब असेल, मी म्हणायचे तारीख असेल. नवरात्रात दोघी पेढीवर गेलो. नानांनी पावती काउंटरच्या दिव्याखाली धरली आणि दहा पट मोठं दाखवणारं भिंग बहिणीच्या हातात दिलं. '१४' च्या पुढे शाईचा डाग वाटायचा तो डाग नव्हता. 'कॅ.' होतं. बहिणीने ते मोठ्याने वाचलं, "चौदा कॅ." आणि तिथेच बाकावर बसली. १९६४ मधल्या त्या माणसाने पावतीवर खरं तेच लिहून दिलं होतं. आजोबांनी ते वाचलं असणार. आई चौथीपर्यंत शिकलेली, तिला कोणी सांगितलं नसेल. संपाच्या साली ज्याने तिला सगळ्यांदेखत बोल लावला, त्याने पावती विचारली असती तर पुढची सगळी वर्षं तिची सुटली असती.

मग वितळवणं. हे मी जरा बारकाईने सांगते, कारण मोड घालायला जाणाऱ्या प्रत्येकीने हे मागून घ्यावं. कारागीर वर पोटमाळ्यावर बसतात. ज्यांना शिडी चढवत नाही त्यांच्यासाठी खाली पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र दिसतं. आम्ही दोघी चढलो. एक मणी आम्ही काढून ठेवला होता. बाकी सेहेचाळीस मणी आणि दोरा मिळून ३१.२४० ग्रॅम. कारागीर बंगालचे, पंचवीस वर्षं इथे आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांनी दोरा कापला, मणी लोखंडी वाटीत घेऊन आच दिली. लाख उकळून बाहेर आली आणि खोलीभर वास पसरला. पूर्वी पोस्टात पार्सलला लाखेची मोहोर करायचे, तोच वास. मग ते सगळं मुशीत, म्हणजे वितळवायच्या भांड्यात, वर टाकणखार, आणि ज्योत. मणी आधी काळवंडले, मग बसले, मग एकाएकी सगळ्यांचा मिळून एक पिवळा, थरथरणारा थेंब झाला. बहिणीने माझा हात धरला होता.

साच्यात ओतून, विझवून, साफ करून वजन केलं: २०.२७० ग्रॅम. मी समजले झालं. पण खालून नानांचा आवाज आला, "दादा, मूस दाखव ताईंना." दादांनी मूस आमच्यासमोर वाकडी केली. आतल्या कडेला मोहरीएवढा एक मणी चिकटला होता. त्यांनी तो चिमट्याने खरवडून काढला आणि काट्यावर त्या लगडीशेजारी ठेवला. २०.३१०. चाळीस मिलिग्रॅम. दिवसाकाठी दहा मुशी झाल्या तर त्या मोहऱ्या कोणाच्या घरी जातात, याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता. झवेरी बाजाराच्या गटारातली माती धुऊन त्यातलं सोनं काढणारी माणसं आहेत, हे मुंबईत कोणाला माहीत नाही! या पेढीत मूस रिकामी करून दाखवायची हा नियम आहे, आणि तो गिऱ्हाइकाने मागितला म्हणून नाही, कारागिराला पाठ आहे.

लगड मशीनवर दोन्ही बाजूंनी तपासली. मुलाने सांगितलं की मशीन वरचा थर वाचतं, झाळ देऊन सांधलेल्या जागी वेगळा आकडा येतो, म्हणून वितळवल्यानंतरचाच आकडा धरायचा. आला ५८.७ टक्के. म्हणजे चोख सोनं ११.९२२ ग्रॅम, बावीस कॅरटमध्ये १३ ग्रॅम. काचेच्या दुकानाचा हिशेब याच वजनाला लावला तर चोख सोनं भरतं ८.५९१. तीन ग्रॅमांहून जास्तीचा फरक 'आमची पद्धत आहे' या तीन शब्दांत गेला असता. नानांनी गलाईचा खर्च कापला, पण आधी सांगून, वेगळ्या ओळीत लिहून. (गलाई म्हणजे सोनं गाळून चोख करणं. सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडची मराठी माणसं भारतभर हा धंदा करतात, हे मला इथेच कळलं आणि फार बरं वाटलं.)

मंगळसूत्राची ऑर्डर दिली. दोन वाट्या, सोन्याच्या तारेत काळे मणी. इथे माझा अर्धा गुण कापला जातो: एकवीस दिवस सांगितले होते, चौतीस लागले. दिवाळीची कामं मध्ये आली. नानांनी उशीर होण्याआधी फोन केला, कारणं दिली नाहीत, पण उशीर तो उशीर. नमुनेही फार नाहीत. भाचीला जे मोबाइलवर आवडलं होतं ते दादा करू शकले नाहीत आणि तसं पहिल्याच दिवशी सांगितलं. घडणावळ स्वस्त नाही. बसायची जागा अरुंद, वयस्कर माणसाला त्रासाची. हप्त्यांची योजना वगैरे काही नाही.

दागिना हातात आला तेव्हा मुलाने परत भिंग दिलं. हॉलमार्कच्या तीन खुणा स्वतः बघायला लावल्या: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, २२ कॅरट ९१६, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक, म्हणजे त्या एका दागिन्याची ओळख. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर अॅप माझ्या फोनवर त्याने उतरवून दिलं. मी क्रमांक टाकला. सराफाचा नोंदणी क्रमांक, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सगळं समोर आलं. मग तो म्हणाला, "मावशी, तरी शंका असेल तर बाहेर हॉलमार्क केंद्रात तपासा. चार दागिन्यांपर्यंत दोनशे रुपये घेतात. कमी भरलं तर जेवढं कमी, त्याच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च आम्हाला द्यावा लागतो, तसा नियम आहे." स्वतःच्या दुकानाविरुद्ध गिऱ्हाइकाने काय करावं, हे काउंटरवरचा पोरगा मालकासमोर बसून सांगत होता, आणि मालक चहा पीत होता.

खरी गोष्ट त्यानंतर नवव्या दिवशी घडली. नानांचा फोन. "ताई, तुमच्या बिलात आमची चूक झालीय. सवड असेल तेव्हा बिल घेऊन या, नाहीतर मी मुलाला पाठवतो." मीच गेले. बिलात दागिन्याचं वजन १८.६४० ग्रॅम धरलं होतं. त्यातल्या काळ्या मण्यांचं १.३४० वजा करायचं राहून गेलं होतं. म्हणजे काचेच्या मण्यांना मी सोन्याचा भाव दिला होता, वर त्यावर घडणावळ, वर तीन टक्के जीएसटी. साडेसतरा हजारांहून थोडे जास्त. मला हे जन्मात कळलं नसतं. बिल मी कपाटात ठेवून दिलं होतं, मंगळसूत्र भाचीकडे गेलं होतं.

"कोणाच्या लक्षात आलं?" मी विचारलं.

मुलगा उभा राहिला. "माझ्या. बिल मीच केलं होतं मावशी. रात्री महिन्याचा ताळा करताना एक ग्रॅम तीनशे चाळीस जास्त दिसलं. मी नानांना सांगितलं."

मला वाटलं आता नाना त्याच्याकडे बघून काहीतरी बोलतील. गिऱ्हाइकासमोर मालक तसं बोलतातच, आपण किती कडक आहोत हे दाखवायला. नानांनी मुलाला खाली बसायला सांगितलं. दादांनाही वरून बोलावलं. आणि माझ्यासमोर, दोघांना उद्देशून म्हणाले, "धनत्रयोदशीपासून हा एकटा काउंटरला होता, जेवायलाही उठत नव्हता. दुसरा माणूस ठेवायचं मी पुढे ढकललं. बिल त्याने केलं, पण चूक माझ्या हिशेबात लिहायची." मग मला पैसे परत, दुरुस्त बिल, आणि जुन्या बिलावर आडवी रेघ मारून सही. मुलाच्या पगारातून काही कापणार का, मी स्पष्टच विचारलं. म्हणाले, "कापलं तर पुढच्या वेळी तो ताळा जुळवून ठेवेल. मला सांगणार नाही."

मी घरी येताना चर्नी रोडच्या फलाटावर दोन गाड्या सोडल्या. डोक्यात माझा वॉर्ड होता.

इन्चार्ज होऊन मला दोनच वर्षं झाली होती. एका पहाटे एका नव्या स्टाफ नर्सने एका रुग्णाचं अँटिबायोटिक चुकून दुसऱ्याला दिलं. चूक तिला दहा मिनिटांत कळली. तिने कोणाला सांगितलं नाही. सकाळी मी राउंडला आले तेव्हा त्या माणसाच्या अंगावर पुरळ उठलं होतं आणि दोन तास आम्ही कारण शोधत बसलो. रुग्ण बरा झाला, देवाची कृपा. पण मी जेव्हा तिला बाजूला घेऊन विचारलं की लगेच का नाही बोललीस, तेव्हा ती म्हणाली, "सिस्टर, मागच्या आठवड्यात तुम्ही दुसऱ्या एका मुलीला नातेवाइकांसमोर ओरडलात. सलाइन संपल्याचं नुसतं उशिरा सांगितलं होतं तिने." मी अतिशय प्रामाणिक बाई होते. एक गोळीसुद्धा वॉर्डाबाहेर जाऊ दिली नाही, रजिस्टर चोख. पण माझ्या हाताखालच्या मुली खरं बोलायला घाबरत होत्या, आणि ते दोन तास माझ्यामुळे गेले होते. त्यानंतर मी वॉर्डात पद्धत बदलली. चूक सांगायला आलेल्या मुलीला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग रुग्णाकडे जायचं, आणि डॉक्टरांना फोन मी करायचा. पहिल्या तीन महिन्यांत चुकांची नोंद आधीपेक्षा जास्त झाली. वरून विचारणा आली की तुमच्याच वॉर्डात एवढ्या चुका कशा. मी लिहून दिलं की चुका तेवढ्याच आहेत, आता त्या लिहिल्या जातात. त्या एका पत्रासाठी मला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं, आणि ते पत्र लिहिल्याचं मला आजही समाधान आहे.

म्हणून मी दुकान कसं आहे ते मालकाच्या बोलण्यावरून ठरवत नाही. मालक गोडच बोलतात. मी काउंटरवरच्या सगळ्यात लहान माणसाला एक अडचणीचा प्रश्न विचारते, आणि तो उत्तर देण्याआधी मालकाकडे बघतो का, एवढंच पाहते. काचेच्या दुकानातल्या मुलाने दोनदा मागे पाहिलं होतं. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला 'पद्धत' शिकवणारा आतल्या केबिनमध्ये होता.

जाणार असाल तर थोडं कामाचं सांगते. जुनी पावती असेल तर कितीही फाटकी असो, न्या. घरातल्या जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नसला तरी सराफ तो घेऊ शकतो, तेव्हा 'हॉलमार्क नाही म्हणून भाव कमी' हे ऐकून घेऊ नका. शुद्धता तपासून जो आकडा येईल त्याचा भाव मागा. लाखेचा दागिना असेल तर टक्केवारी मान्य करू नका, समोर वितळवायला सांगा. मूस रिकामी बघा. खडे, मोती, काळे मणी यांचं वजन बिलात वेगळं लिहून घ्या. आणि दुपारी दोन ते चार पेढी बंद असते, तेव्हा सकाळी जा.

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या कुड्या घेऊन परत गेले. काउंटरला आता दोघं आहेत, नवी मुलगी आलीय, काम शिकतेय. तिने कुड्या घाईने काट्यावर ठेवल्या. पंखा चालूच होता. आकडा हलत होता. नाना गादीवर होते, त्यांनी पाहिलं पण काही बोलले नाहीत. मुलाने उठून पंखा बंद केला, कुड्या उचलल्या, ब्रश तिच्या हातात दिला आणि काट्याचा आकडा आमच्याकडे फिरवला.

आईचा सत्तेचाळिसावा मणी माझ्याकडे आहे, त्याच पत्र्याच्या डबीत, पावतीसोबत. पावतीला आता मी पारदर्शक पाकीट घातलंय, '१४ कॅ.' वर येईल असं.